छताचा गिलावा

४ मार्च, संध्याकाळी ७
आज स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. ताईने पाठ सोडली नाही म्हणून. बाईंनी कोपरं पाहिली, गुडघे पाहिले, डोक्यावर टॉर्च मारला आणि म्हणाल्या, सोरायसिस. तेरा वर्षं अंगावर काढलंत? मी म्हटलं, थोडा कोरडेपणा आहे. त्या म्हणाल्या, हा आजार कुणाला लागत नाही. मुळापासून जातही नाही. पण नेमाने औषध केलं तर ताब्यात राहतो, माणसं मजेत जगतात. मलम दोन वेळा, डोक्याला डांबराचा शाम्पू, आंघोळीनंतर लगेच क्रीम. आणि एक गोष्ट तीनदा बजावली, कुणी सांगितलं म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. घेताना बरं वाटतं, सोडल्या की दुपटीने उसळतं.

‘मुळापासून जात नाही’ हे पटलं नाही. त्यांनी माझी इच्छाशक्ती पाहिलेली नाही.

संकल्प : उद्यापासून सगळं वेळेवर. ही वही त्यासाठीच.

५ मार्च
मलम लावलं. शर्ट पाठीला चिकटला. शाम्पूला नवा रस्ता करताना येतो तो वास. इतक्या सौम्य आजाराला इतका कडक उपचार नको. एक दिवसाआड पुरे.

७ मार्च
एक दिवसाआड म्हणजे आज. पण आज दमलोय.

१२ मार्च
चष्म्याच्या दुकानात मला सोळा वर्षं झाली. कानामागे फ्रेम बसवताना गिऱ्हाइकाच्या इतकं जवळ जावं लागतं की श्वास ऐकू येतो. ह्या कामाला व्यक्तिमत्त्व लागतं. आज मालकांना काळ्या मखमलीच्या ट्रेवर पांढरा भुगा दिसला. फ्रेम्सवरही होता. एका बाईंनी फुंकर मारून मग फ्रेम घातली. मालकांनी छताकडे पाहिलं. मीही पाहिलं. मी फक्त म्हटलं, बिल्डिंग जुनी आहे.

आणि ती आहेच.

१५ मार्च
मालकांनी एका रंगाऱ्याकडून छत खरवडून नवा गिलावा आणि रंग करून घ्यायचं ठरवलं. दोन दिवस दुकान बंद. आयती सुट्टी. सुट्टीत औषधाचं वेळापत्रक आखलं, तीन रंगांच्या पेनांनी. फार सुबक झालंय. मलम मात्र टोपण उघडं राहून वाळलं.

१९ मार्च
छत दुधासारखं पांढरं. साडेदहाला दुकान उघडलं, सव्वाअकराला ट्रेवर भुगा. मालकांनी रंगाऱ्याला बोलावून घेतलं आणि गिऱ्हाइकांसमोर वाट्टेल ते बोलले. म्हातारा माणूस. निमूटपणे शिडीवर चढला, अख्ख्या छतावरून तळहात फिरवला आणि खाली करून दाखवला. स्वच्छ. मी शिडी धरून उभा होतो. तो वरून माझ्या डोक्याकडे बराच वेळ बघत राहिला. मालकांनी त्याला सांगितलं, पुन्हा ह्या दुकानाची पायरी चढायची नाही.

वाईट वाटलं. पण माणसाने काम मन लावून करावं.

२४ मार्च, रात्री जेवणानंतर
ताईचा फोन. तिच्या ओळखीची एक बाई आहे, लायब्ररीत काम करते, एकोणचाळीस वर्षांची. मला भेटायला तयार आहे. मला! भेट २० एप्रिलला, कॉफी शॉपमध्ये. त्रेचाळिसाव्या वर्षी माणूस खरा उमलतो, हे मी ताईला कधीपासून सांगतोय. ताई म्हणाली, आधी औषध नीट कर आणि तिच्याशी मोकळं बोल. मोकळं बोलण्यात मला कोण हरवणार?

हातात सत्तावीस दिवस. डॉक्टरीणबाईंच्या वेगाने जायचं म्हटलं तर वर आजोबा आणि वधू आजीबाई.

२५ मार्च
कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या माणसाला विश्वासात घेतलं. त्या गोळ्या चिठ्ठीशिवाय देत नाही म्हणाला. मी सोळा वर्षांची काउंटर-ते-काउंटर दोस्ती काढली. दिल्या. वर म्हणाला, डॉक्टरांना विचारा आणि एकदम बंद करू नका. हे लोक स्वतःची कातडी वाचवायला असं बोलतातच.

२ एप्रिल
चमत्कार! कोपरं गुळगुळीत. डोकं साफ. ट्रेवर एक कण नाही. मालक म्हणाले, गिलावा आता सेट झालेला दिसतो. मी म्हटलं, वेळ लागतोच.

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन त्यांना दाखवावं असं मनात आलं. पण कुणाचा पाणउतारा करणं माझ्या स्वभावात नाही.

२० एप्रिल, रात्री ९
भेट झाली. धक्काच बसला. बाईंच्या दोन्ही हातांच्या बोटांवर पांढरे डाग. उजव्या डोळ्याभोवतीही. कोड! आणि लपवायचा काही प्रयत्नच नाही. बिनबाह्यांचा ड्रेस घालून हसत बसलेल्या.

मी मोठ्या मनाने विषय काढला. म्हटलं, खचून जाऊ नका. इच्छाशक्ती असेल तर कातडी काय, नशीबही बदलतं. त्या म्हणाल्या, मी खचलेली नाही, पंचवीस वर्षं झाली, औषधं केली, काही डाग भरले, काही नाही, आता त्यांची सवय आहे. मग माझ्याकडे रोखून बघत त्यांनी विचारलं, तुम्हाला कधी त्वचेचा काही त्रास? मी म्हटलं, देवदयेने कधीच नाही.

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. बायकांची ही नजर मी ओळखतो.

निघताना व्यवसायाच्या दृष्टीने एक सूचना केली, गडद काचेचा मोठा गॉगल वापरा, डोळ्याभोवतीचं पूर्ण झाकलं जाईल, मी डिस्काउंट देईन. त्या थँक यू म्हणाल्या आणि कॉफी अर्धी टाकून गेल्या. भावनावश झाल्या असाव्यात.

२१ एप्रिल
ताईला नकार कळवला, अगदी सौम्य शब्दांत. म्हटलं, बाई चांगली आहे, पण रोज सकाळी उठून तो चेहरा बघायचा म्हणजे जरा जडच. आणि खरं सांगू का, भेटीआधीच हे सांगायला हवं होतं. असल्या गोष्टी माणसाने लपवू नयेत.

ताई फक्त म्हणाली, आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. आणि फोन ठेवला.

म्हण जुनी आहे. संदर्भ लागला नाही.

२३ एप्रिल
गोळ्या बंद. बरा झालेला माणूस गोळ्या कशाला खाईल?

३ मे
पोटावर लाल चट्टे. साबण बदलला म्हणून.

५ मे
मांड्या, पाठ, दंड. पूर्वी इथे कधीच नव्हतं. चादर धुवायच्या पावडरीने असणार. चादर बदलली.

८ मे, दुपारी
दुकानात थंडी वाजून आली. अंग भाजल्यासारखं लाल, कातडीचे पापुद्रे सुटतायत. एका गिऱ्हाइकाला फ्रेम घालायला वाकलो आणि त्यांच्या मांडीवर माझं काहीतरी पडलं. ते गृहस्थ फ्रेम घालूनच रस्त्यावर गेले. मालकांनी ट्रेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग हळूहळू मान वर करून छताकडे. ओरडले नाहीत. हलक्या आवाजात म्हणाले, घरी जा.

मालक मनाने मऊ आहेत.

११ मे, हॉस्पिटल
अंगभर सूज, बारीक पुवाचे फोड. डॉक्टरीणबाई आल्या. रागावतील वाटलं होतं, पण त्यांनी एवढंच विचारलं, कुठल्या गोळ्या, किती दिवस, कधी सोडल्या? मी म्हटलं, गोळ्या? कसल्या? त्यांनी पेन बंद केलं आणि वाट बघत उभ्या राहिल्या. सांगितल्या.

मग त्यांच्या मागून अकरा शिकाऊ डॉक्टर आले. चादर बाजूला केली. बाई त्यांना म्हणाल्या, हे नीट पाहून ठेवा, असं उदाहरण वरचेवर मिळत नाही. एका मुलीने नाकाला रुमाल लावला. तिला बाईंनी बाहेर काढलं.

एकूण, अभ्यासकांमध्ये माझ्या केसबद्दल बरंच कुतूहल.

१४ मे
ताई आली. क्रीमचा मोठा डबा आणला. माझ्या पायांना चोळत बसली. मग म्हणाली, तिला मी तुझं सगळं आधीच सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी. म्हणूनच ती भेटायला तयार झाली. म्हणाली होती, अशा माणसाला काही समजावून सांगावं लागणार नाही.

मी म्हटलं, मग तिने तिथे तसं बोलायला हवं होतं.

ताईचा हात थांबला. तिने डब्याचं झाकण लावलं. म्हणाली, विचारलं होतं ना रे तिने.

२ जून
घरी आलो. लायब्ररीवाल्या बाईंना मेसेज केला, झालं गेलं विसरून पुन्हा भेटायला माझी हरकत नाही.

४ जून
उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवतो. ‘तब्येत सुधारली हे ऐकून बरं वाटलं. तुम्ही खोटं बोललात त्याचं काही नाही. वीस वर्षांपूर्वी मीही बोलायचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे. भीती मला कळते. पण त्याच तोंडाने मला गॉगल सुचवलात. काळजी घ्या.’

तीनदा वाचलं. ‘नाही’ हा शब्द कुठेही नाही.

५ जून
‘मग शनिवारी?’ असं विचारलं. मेसेज जात नाहीत. तिच्या फोनमध्ये बिघाड.

९ जून
दुकानात रुजू. मालकांनी मला मागच्या खोलीत बसवलं, काचा घासायच्या मशीनवर. खिडकी नाही, गिऱ्हाईक नाही. काउंटरला नवीन मुलगी. मशीनचं काम तांत्रिक आहे, म्हणजे बढतीच. पगार तोच. मी रंगाऱ्याचा पत्ता विचारला. मालक म्हणाले, कशाला, त्याला तोंड दाखवायला?

१६ जून, सकाळी ६
आजपासून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसंच. शाम्पू दहा मिनिटं ठेवला. आंघोळीनंतर लगेच क्रीम. मलम कोपरांना लावलं, गुडघ्यांना लावलं, पोटाला, मांड्यांना, मानेला.

पाठीच्या मधोमध हात पोचत नाही. उजवा हात वरून घालून पाहिला, डावा खालून. ताईला फोन केला. तिने उचलला नाही.

तेवढं राहिलं.