टाकीचं कुलूप

प्रिय शहाजी,

चार दिवस तुझे फोन येतायत आणि मी उचलत नाही, म्हणून चिडला असशील. फोनवर तू हसवतोस, मग मी भरकटतो आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून कागद घेतलाय. दहावीच्या पेपरानंतर एवढं पहिल्यांदाच लिहितोय, आणि तो पेपर कसा गेला ते तुला माहीतच आहे. तात्याबांनी तुमच्या घरचं ड्रायव्हरचं काम सोडलं हे कळल्यापासून जेवण गोड लागत नाही. ते परत आले पाहिजेत. बाकी सगळं नंतर.

मी सध्या सोलापुरातच आहे. पुणं झालं, बेळगाव झालं, नवी पेठेत मामाच्या कापडाच्या दुकानात तीन महिने गठ्ठे उचलले. तिथं एक म्हातारी रोज यायची, एकच निळं लुगडं उलगडून बघायची आणि न घेता जायची. तिचं पुढं काय झालं कुणास ठाऊक. असो. आता गौसमामूंच्या गॅरेजात आहे आणि ह्यावेळी टिकणार आहे.

तुझ्या लग्नाची वरात आठवते का रे? ऋतुजावहिनींच्या गावात आपली लाल जीप शिरली तेव्हा अशी गरजली की पोरं छपरावर चढली, वहिनींच्या आजीनं कानात बोटं घातली. ते बाजूचे धुराचे दोन पाइप मी भंगार बाजारातनं आणून दोन दिवसांत बसवले होते. तू मला मिठी मारून म्हणालास, “अल्त्या, लेका, तू इंजिनेर हायस!” मला आयुष्यात कुणी इंजिनेर म्हटलं नव्हतं. स्टेअरिंगवर तात्याबा होते, फेटा बांधून. तेवढे एकटेच म्हणाले, “आवाज लई झाला की रं. गाडीला काय दुखतंय ते ऐकू कसं यावं?” आपण दोघं हसलो.

ह्याच माणसानं आपल्याला गाडी शिकवली. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं हटलं की उघड्या पडलेल्या त्या भेगाळ जमिनीवर. मी गिअर घासला तरी कधी शिवी दिली नाही. “दमानं, दमानं. तिला बी जीव हाय,” एवढंच. तुमच्या घरच्या धंद्याचे, धरणातले मासे वीस वर्षं ह्यांनीच बाजाराला पोचवले.

आता गेल्या आठवड्याचं ऐक. गॅरेजात अकलूजची एक जीप आली, तिलाही असेच बाजूचे पाइप, आणि मीटरवर इंजिनातला बिघाड सांगणारा पिवळा दिवा लागलेला. धूर काळा, पेट्रोल दुप्पट. मामूंनी पाइपाचं तोंड चिंधीनं बंद केलं आणि जोडावर साबणाचा फेस लावला. गाडी चालू केली तर जोडातनं बुडबुडे. माझ्याकडं बघून म्हणाले, “नाक के आगे खिडकी खोल के रखा किसी ने!” पाइपात एक ऑक्सिजन सेन्सर असतो, शहाजी. ते गाडीचं नाक. धूर हुंगून गाडीतल्या कॉम्प्युटरला सांगतं, पेट्रोल जास्त झालं की कमी. त्याच्या आधीच्या जोडाला फट राहिली तर बाहेरची हवा आत शिरते. नाकाला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, मग कॉम्प्युटर ओततच राहतो. कुणी चोरत नाही. गाडीच पिते.

मी तिथंच पाना खाली ठेवला. कारण तुझ्या जीपमध्ये ते नाक मी काढून जोडाच्या पलीकडं बसवलंय. आणि त्या जोडाला फट बुजवायचं पॅकिंगसुद्धा नाही. वरात गाठायची होती.

वरातीनंतर तात्याबांनी मला फोन केला होता. “पोरा, धूर काळा येतोय, पेट्रोलचा वास मारतोय. येऊन बघून जा की.” मी म्हणालो, नवीन पाइप हाय तात्याबा, बसंल हळूहळू. पुढच्या महिन्यात तुझा फोन आला. म्हणालास, पेट्रोल पुरत नाही, चोर घरातच हाय, टाकीला कुलूप घातलंय. तेव्हा मी नुसतं “हं” केलं. कुलूप बघितल्यावर तात्याबांनी गाडीची चावी स्टेअरिंगला अडकवली आणि चालत घरी गेले, हे तूच सांगितलंस.

आणि आता जे फोनवर कधीच निघालं नसतं ते. पिवळा दिवा वरातीच्या सकाळीच लागला होता. मी पाहिला. तू अंघोळीला गेला होतास. मी मीटर उघडला आणि आतून दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. तात्याबांना तो दिवा दिसला असता तर त्यांनी गाडी रस्त्यावर काढलीच नसती, आणि आज त्यांना कुणी चोर म्हटलं नसतं.

हे पत्र लिहिलं कारण एकदा ते तुझ्या हातात पडलं की मला पळता येणार नाही. पळण्यात मी हुशार आहे, तुला माहीत आहे. रविवारी सकाळी पहिल्या एसटीनं येतोय. मामूंनी सेन्सरसाठी लोखंडी कडं करून दिलंय, ते जोडाच्या अलीकडं वेल्डिंग करायचं, पॅकिंग नवं. पण आधी तात्याबांच्या दारात जाणार, त्यांच्या बायकापोरांसमोर सगळं सांगणार. मारलं तर खाईन. मग त्यांना घेऊन तुमच्या अंगणात येईन. तू कुलपाची किल्ली घेऊन उभा राहा. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. चिकटपट्टी मी काढतो. कुलूप तू काढ, तुझ्या हातानं, त्यांच्यादेखत.

तुझाच, नेहमी भरकटणारा पण रविवारी सरळ तुझ्या दारात येणारा,
अल्तमश