दोन हात जुनेर

प्रिय आत्ये,

आज मी भांडून आलेय. तुझ्या भावाशी, म्हणजे आमच्या बाबांशी, तेही वाशीला चार लोकांसमोर! तुला सांगितल्याशिवाय घास उतरायचा नाही, म्हणून आधी लिहायला बसले.

परदेशात बिनपगारी सेवा करून आलेल्यांच्या वस्तूंचं एक छोटं संग्रहालय तिथे होतंय. तू गेल्यावर त्यांचा फोन आला, बाईंचं काही असेल तर द्या. बाबांनी तुझ्या रिटायरमेंटच्या सत्काराची शाल काढली. मी काढलं ते जुनेर, तुझ्यामागे दोन हात उरलेलं.

"यो फाटका लुगरा देतेस?" बाबा तिथेच ओरडले. "लोका काय बोलतील? शिरवणे गावान इज्जत हाय आपली!"

इज्जत म्हणे! तेराव्यानंतर वाटायच्या कपड्यांत त्यांनी ते बांधलं होतं. मी गाठोड्यातून ओढून काढलं म्हणून वाचलं. तू झांबियात बायकांची बाळंतपणं करत होतीस, तेव्हा बाबाच गावभर सांगत फिरले, "बहीण दुबईला नोकरीला हाय." बिनलग्नाची बहीण फुकट राबायला एवढ्या लांब गेली, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

आणि तू गं? तू का गप्प बसलीस? तू परत आलीस तेव्हा मी सहा वर्षांची. दुबईचं अत्तर आणलं नाहीस म्हणून मी फुगून बसले, तर वाशीच्या दुकानातून बाटली आणून माझ्या हातात ठेवलीस! खरं सांगितलं असतंस तर आभाळ कोसळलं असतं का? याचा राग मला अजून आहे, सांगून ठेवते.

सांगितलंस ते शेवटच्या आजारपणात. आपल्यात तान्ह्याच्या अंगाला पहिलं कापड जुनंच लागतं, मऊ, धुऊन धुऊन विरलेलं. म्हणून जाताना आजीचं नऊवारी लुगडं बॅगेत टाकलंस. ज्या घरात बाळाला गुंडाळायला काहीच नसेल, तिथे त्यातलं हातभर फाडायचं, आणि ते त्या बाळाचंच.

संग्रहालयातल्या बाईंनी विचारलं, "बाकीचं लुगडं कुठे गेलं?"

"अहो, तेच तर पाटीवर लिहायचंय!" म्हणत मी सगळं सांगून टाकलं. दुबईची थापसुद्धा.

मला वाटलं, आता बाबा तरातरा निघून जाणार. ते जवळ आले. "यो आयेचा हाय?" त्यांनी कापड हातात घेतलं, काठावरून अंगठा फिरवत राहिले. आईचं लुगडं त्यांनी ओळखलंच नव्हतं गं! मग बाईंना म्हणाले, "झांबियाच लिवा." शाल मात्र काखेत मारून परत आणली, एवढा ताठा अजून आहे.

कापड मोजलं तर एकच हात भरलं. बाई मला म्हणाल्या, "ही कड ताजी फाटलेली दिसतेय. जपायला हवं होतं हो."

"फाटली नाही," मी म्हटलं, "काल मी फाडली."

मला सातवा लागलाय, आत्ये. सासूबाईंनी नव्या दुपट्यांचा ढीग आणून ठेवलाय, राहू दे. माझ्या बाळाच्या अंगाला पहिलं तुझं जुनेरच लागेल, कोण काय म्हणतं ते बघते मी. आणि चालायला लागलं की त्याला त्या काचेसमोर उभं करून सांगेन, बघ, यातलं तुझं घरी आहे.

तुझी भांडकुदळ भाची,
मनी