मार्शियाचे खरे केस

कॉव्हेंट्री, शुक्रवार, १२ मे १९८९

आमच्या वॉर्डची कृष्णवर्णीय सिस्टर मार्शिया आज आली ती अगदी बारीक, कुरळ्या केसांत. खांद्यापर्यंतचे सरळ केस कापून टाकलेले! ड्यूटीत दोघी चहाला बसल्यावर मला राहवेना. "हात लावू?" विचारलं.

"नको," ती हसून म्हणाली.

मी ओशाळले. माझ्या वेणीला कुणी हात लावला तर मला तरी चालेल का?

मग तीच सांगू लागली. सातव्या वर्षापासून आई केमिकल लावून तिचे केस सरळ करायची, पुढे तीही करत राहिली. "माझे खरे केस कळत्या वयात मी काल पहिल्यांदा पाहिले. चाळिसाव्या वर्षी."

"आवडले?"

"अजून ओळख होतेय."

घरी येऊन तोंडावरची पावडर धुतली, आरशात बघितलं. सावळीच आहे मी. ही पावडर मला पहिल्यांदा कुणी लावली असेल?