बिनआवाजाचा डबा

३ फेब्रुवारी, सोमवार

विकतचा स्मार्ट डबा नको. ठरलं! त्यात जाहिराती ढणाढणा वाजतात आणि अम्मीच्या हातून भलतंच बटण दाबलं जातं. लिनक्सवर चालणारा छोटा कॉम्प्युटर घेऊन टीव्हीच्या मागे लावायचा. रिमोटवर चार बटणं चालू ठेवायची, बाकीची बंद.

शहाबानो म्हणते, "खेळणं तुम्हाला हवंय, नाव अम्मींचं." बायको आहे, तिला कळणारच. पण कारण खरं आहे. नोव्हेंबरात अम्मीला लकव्याचा झटका आला. उरणच्या घराला कुलूप लावून मी तिला इथे नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये आणलं. यायचं नव्हतं तिला. आता शहाबानोशी बोलते, आमच्या मुलीशी, जास्मीनशी बोलते. माझ्याशी एक शब्द नाही. मुलाने घर सोडायला लावलं म्हणून राग असणार. रागावर औषध नाही. करमणूक आहे, ती करून बघू.

५ फेब्रुवारी

निकेशच्या दुकानात गेलो. पोरगा गव्हाणचा, हुशार, पण विकायची घाई फार. "काका, गेमिंगवाला ग्राफिक कार्ड टाकू? पिक्चर एकदम भारी येल."

म्हटलं, अम्मी काय गेम खेळणार आहे? वेगळं कार्ड म्हणजे वेगळी उष्णता, वेगळा पंखा, आणि लिनक्समध्ये ड्रायव्हरची कटकट. कमी विजेवर चालणारा साधा प्रोसेसर बस, फक्त व्हिडिओ उलगडायचं काम त्याच्या चिपमध्येच हवं. आठ जीबी रॅम. फिरती हार्ड डिस्क नको, ती कुरकुरते. अम्मीचा पलंग हॉलमध्येच आहे, टीव्हीला लागून. आवाज अजिबात चालणार नाही, ही पहिली अट.

६ फेब्रुवारी

पंखेवाला की बिनपंख्याचा? निकेश म्हणतो बिनपंख्याचा तापतो. पंखेवाला घेतला.

९ फेब्रुवारी, रविवार

डबा जोडला. लिनक्स टाकलं. चित्र स्वच्छ, हिंदी सिरियल, पैगंबरांची स्तुतिगीतं, सगळं चालतं. आवाज? शून्य. कान लावून ऐकलं.

जास्मीन रविवारच्या क्लासहून आली आणि बॅग टाकायच्या आधी म्हणाली, "अब्बा, पिठाची गिरण कधी आणलीत?"

मी न्हावा शेवाला थंड कंटेनरच्या यार्डात उभा जन्म काढला. शेकडो कंटेनर एकदम घरघरत असायचे आणि त्यातला बिघडलेला कोणता ते मी आवाजावरून सांगायचो. आणि ही मला पंखा ऐकवते! शिवाय आजकालची पोरं बोलतात तोंडातल्या तोंडात. दोनदा विचारलं की तोंड फुगवून जातात.

शहाबानोनेही तिचीच री ओढली. दोघींपुढे काय चालणार? उद्या बदलून आणतो.

१२ फेब्रुवारी

बिनपंख्याचा आणला. वरून खाली सगळ्या धातूच्या खाचा, त्यातून उष्णता निघून जाते. हात लावला तर कोमट, चहाच्या कपाइतका. आत हलणारी एकही वस्तू नाही. हलत नाही तर वाजणार काय? डोकंच चालवायचं नाही म्हटलं तर इलाज नाही. जास्मीन म्हणते शिटी वाजते. शहाबानो म्हणते, हो, बारीक वाजते. मी म्हटलं, दाखवा.

अम्मी पलंगावर होती. माझ्याकडे बघत होती आणि ओठ हलत होते. हल्ली तिचा वजीफा सारखा चालू असतो. अल्लाचं नाव घेणाऱ्याला मध्ये टोकू नये, अब्बांनीच शिकवलंय. मी चप्पल हातात घेऊन हळूच बाहेर पडलो.

१३ फेब्रुवारी

शहाबानो म्हणाली, "जरा अम्मींकडे लक्ष द्या." हा डबा मग कोणासाठी चाललाय?

१६ फेब्रुवारी, रविवार

माझा पुतण्या अबरार उरणला असतो. त्याच्याकडून मोहल्ल्याचे व्हिडिओ मागवले होते. आमचं घर, पडवी, विहीर, शेजारची पोरं. आज अम्मीला लावून दाखवले. डोळे भरून आले तिचे. मग माझ्याकडे वळून ओठ हलवू लागली. बराच वेळ. दुआ मागत असेल म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. थांबली तेव्हा उशी नीट केली आणि मागे झालो.

तिने भिंतीकडे तोंड केलं.

वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. एवढं करूनही एक शब्द नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

शिटीचा निकाल लावायला निकेशला घरीच बोलावलं. दारात पाऊल टाकलं आणि म्हणाला, "काका, शिटी कसली वाजतंय?"

म्हटलं, यांनी फितवलाय. त्याने मोबाइल काढला. त्यात एक ॲप आहे, आवाज रेघेने दाखवतं. मोबाइल डब्याजवळ नेला तर एक रेघ काठीसारखी उभी. डबा बंद केला, रेघ खाली. चालू केला, परत उभी. "आतली कॉइल शिटी मारतंय काका. यकाद्या पीसला असतं." त्याने बरोबर आणलेला दुसरा पीस जोडला. रेघ उठलीच नाही.

मला दोन्ही डबे सारखेच. मी परत पहिला लावायला सांगितला, डोकं पार त्याच्यावर टेकवलं. काहीच नाही. रेघ मात्र उभी.

निकेश म्हणाला, "कानात मळ असल काका, काडून घ्या." चहा न घेताच गेला. जास्मीन माझ्याकडे बघत राहिली.

२२ फेब्रुवारी

सकाळी जास्मीन समोर येऊन बसली आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलली. "अब्बा, दादी वजीफा नाही पढत. ती तुमच्याशी बोलत असते. तिचा आवाज फार बारीक झालाय."

टीव्ही बंद केला. अम्मीच्या पलंगावर बसलो आणि कान तिच्या ओठांना लावला.

म्हणाली, "ताहेर, राग गेला का रे तुझा?"