न पाहिलेलं घर

७ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. नमस्कार.

तुझी दोन्ही पत्रं पोचली. पहिल्याचं उत्तर राहून गेलं म्हणून दुसऱ्यात तू रागावलीस, ते बरोबरच आहे. भावोजींची कंबर कशी आहे? डॉक्टरांनी खुर्चीत बसू नका सांगितलं, म्हणजे पलंगावर बसून तेच काम करा असा अर्थ होत नाही, एवढं त्यांना माझ्या नावानं सांग.

फोन का करत नाहीस म्हणतेस. फोनवर तू "काय झालं?" विचारतेस आणि मी "काही नाही" म्हणते. कागद मधेच विचारत नाही, म्हणून लिहायला घेतलं.

मी बरी आहे. जेवते, कामावर जाते, फाइली या टेबलावरून त्या टेबलावर नेते. आश्रयगृहाला सरकारनं नवा रंग दिला, खिडक्यांना जाळ्या बसवल्या, प्रत्येक मुलीला वेगळं कपाट दिलं. कपाटं आली, किल्ल्या यायच्या आहेत. पण हसण्यावारी नेऊ नकोस हं. मी लागले तेव्हा धाडीत सापडलेल्या बायकांना पोलीस चौकीच्या बाकावर दोन-दोन दिवस बसवून ठेवत, आरोपीच्या समोर. आता चार तासांत आमच्याकडे आणतात, जबाब बाईमाणूसच घेते, तोंड उघडायला वेळ देतात. कायदा चांगला आहे गं. तो चालवायला माणसं मात्र आमच्यासारखी आहेत.

भाचीच्या कॉलेजात माझं भाषण ठेवायचं डोक्यातून काढून टाक. "मुलींना सोडवणारी मावशी" म्हणून तिनं माझं नाव दिलंय म्हणे. तिला म्हणावं, मावशीचा घसा बसलाय.

गेल्या आठवड्यात किनाऱ्याकडच्या एका शेडवर धाड पडली. कोळंबी सोलायचं काम. नऊ बायका, बाहेरून कुलूप, दिवसभर हात बर्फाच्या पाण्यात. बस आली तेव्हा मी नेहमीप्रमाणे रजिस्टर घेऊन फाटकात उभी होते. एकेक उतरत होती. सातवी आपली बटण.

बटण तुला आठवत असेल. मागल्या वर्षी कपडे शिवायच्या कारखान्यातून सोडवलेली सोळा वर्षांची पोर, शर्टांना बटणं लावायला कोंडलेली. आमच्याकडे आली तरी कुणाच्या झग्याचं बटण तुटलेलं दिसलं की न विचारता सुईदोरा घेऊन बसायची, म्हणून ते नाव पडलं. ती घरी गेली म्हणून मी तुला किती आनंदानं लिहिलं होतं.

तर ती आगीतून फुफाट्यात गेली होती. बोटं सुजून अशी झालीत की सुई धरता येत नाही. उतरल्यावर तिनं मला ओळखलं, एकच प्रश्न विचारला आणि पुढे गेली.

काय विचारलं ते आज नाही लिहीत. हात दुखून आला.

तुझी,
धाकटी


२९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. नमस्कार.

तुझं उत्तर पाचव्या दिवशी हजर. "नोकरीत काही झालंय की तब्येतीत? एकदाचं सांग, मला कोड्यात टाकू नकोस." सांगते.

माझं काम काय, ते तू लोकांना नेहमी चुकीचं सांगतेस. दारं फोडून मुलींना सोडवतात ते पोलीस. मी गृहचौकशी करते. सुटलेल्या मुलीला न्यायला कुणी आलं, की त्याच्या गावी जायचं, घर बघायचं, शेजाऱ्यांशी बोलायचं आणि मुलगी तिथं सुखरूप राहील का ते लिहून द्यायचं. माझ्या सहीशिवाय मुलगी फाटकाबाहेर जात नाही. तशी ही सही फार मोठी आहे.

मागल्या वर्षी हुकूम आला की नव्वद दिवसांच्या वर कुणाला आश्रयगृहात ठेवायचं नाही. त्यातही चूक नव्हती. पूर्वी मुली आमच्याकडे वर्षानुवर्षं कुजत, सुटका कसली ती! पण मार्चअखेर माझ्या टेबलावर तेवीस चौकश्या आणि ऑफिसात एक जीप, तीही साहेबांच्या दौऱ्यावर. बटणचा नव्वदावा दिवस चार दिवसांवर आला होता. तिचं गाव लांब, वाटेतला पूल दुरुस्तीला काढलेला, वळसा घालून जायचं तर दोन दिवस मोडणार.

तिचा मामा न्यायला आला होता. स्वच्छ कपडे, हातात सगळे कागद, बोलणं अदबीचं. आईबाप वारलेले, मामाच पालक. बटण एवढंच म्हणाली होती, "मला मामा आवडत नाही." का, ते तिला सांगता येईना. कारखान्यात तिला नेलं होतं ते रस्त्यात भेटलेल्या एका बाईनं, मामाचा कुठं संबंध दिसत नव्हता. आणि मामा न आवडणाऱ्या मुली काय थोड्या असतात?

मी गेले नाही, ताई. मामानं दिलेल्या नंबरावर फोन केला. एका बाईनं उचलला, शेजारीण म्हणाली, माणसं फार चांगली आहेत म्हणाली. मी अहवाल लिहिला: "प्रत्यक्ष भेट दिली. दोन खोल्यांचे पक्के घर. वातावरण समाधानकारक." खाली सही आणि तारीख.

त्या मामानं तिला आठव्या दिवशी कोळंबीच्या शेडवर पोचवलं. कारखान्यातही त्यानंच, त्या बाईकरवी. हे सगळं आता बाहेर आलंय, आणि तो पकडला गेलाय. पण त्याच्या वकिलानं जामिनासाठी कोर्टात काय ठेवलं माहीत आहे? माझा अहवाल. त्याचं म्हणणं, माझा माणूस गुन्हेगार असता तर सरकारी बाईंनी स्वतः घर बघून पोर त्याच्या हवाली केली असती का?

आमच्या सरकारी वकील बाई वयानं भाचीहून पाचसहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी मला बोलावलं, अहवाल समोर ठेवला आणि विचारलं, "हे घर तुम्ही पाहिलंत?"

मी म्हटलं, "बघून सांगते." अहवाल तर समोरच होता, मी काय बघून सांगणार होते?

मग साहेबांकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत. दार लावून घेतलं, पाणी दिलं. म्हणाले, "घर पाहिलं होतं, तिथं खोटी माणसं उभी करून आमची फसवणूक झाली, असं लिहा. दोन वर्षं राहिलीत तुमची. झाकली मूठ झाकलेलीच बरी."

"पण साहेब, मग मामाचं घर खरं ठरतं."

"मामाचं काय ते पोलीस बघतील. तुम्ही तुमचं बघा."

तीन दिवस मी माझं बघितलं. पेन्शन, औषधं, हे भाड्याचं घर, लोक काय म्हणतील. चौथ्या दिवशी लेखी दिलं की घर पाहिलेलं नाही, अहवाल खोटा आहे. तीच प्रत वकील बाईंना दिली. संध्याकाळी निलंबनाचा कागद हातात आला. पोचवायला आलेला शिपाई माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, सही करा." मी तारीख नीट बघून सही केली.

आता तू म्हणशील, चूक कबूल केलीस, मन हलकं झालं असेल. झालं नाही. एक गोष्ट अजून राहिलीच आहे. लेखी दिलं त्यातही ती नाही.

तुझी,
धाकटी


१८ डिसेंबर

ताई,

आज वरचं काही लिहीत नाही. सरळ सुरू करते.

सोमवारी कोर्टात जामिनाची सुनावणी झाली आणि माझी साक्ष झाली. बटणला पडद्याआड बसवलं होतं, म्हणजे आरोपीचं तोंड बघावं लागू नये. ती मला दिसत नव्हती. मी तिला ऐकू येत होते.

मामाचा वकील हुशार. माझा अहवाल खोटा ठरतोय म्हटल्यावर त्यानं तो सोडूनच दिला. म्हणाला, "घर पाहिलं नसेल, ठीक. पण मुलगी फाटकातून बाहेर पडली तेव्हा तुम्ही तिथं होतात. कुणी तिला ओढून नेलं?"

"नाही."

"ती रडत होती?"

"नाही."

"म्हणजे ती आपल्या खुशीनं मामाबरोबर गेली."

"हो," मी म्हटलं. "हसत गेली. कारण मी तिच्याशी खोटं बोलले."

तेच राहिलं होतं, ताई. तुला सांगायचं, सगळ्यांनाच सांगायचं.

त्या दिवशी मामा ऑफिसात बसला होता, गाडी बाहेर उभी होती, आणि बटण बोचकं मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिली होती. उठेना. तिला एक धाकटी बहीण, अकरा वर्षांची. आमच्याकडे होती तोवर तिनं दुसरं काही मागितलं नाही, फक्त त्या बहिणीचं विचारायची. मला म्हणाली, "बाई, तुम्ही आमच्या घरी जाऊन आलात ना? धाकटी दिसली?"

मी म्हटलं, "दिसली की. अंगणात होती. तुझी वाट बघतेय."

"केस कापले का हो तिचे? मामी नेहमी कापते."

"छे, चांगल्या लांब दोन वेण्या घातल्या होत्या."

ती हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. आणि उठून गाडीत जाऊन बसली.

त्या वेण्या मी कुठून काढल्या? शाळेच्या आधी तू मला गुडघ्यांत धरून घट्ट घालायचीस, त्याच असणार. खोटं बोलायला माणूस घरातलंच उचलतं. तेव्हा मला ते खोटंसुद्धा वाटलं नव्हतं. मुलगी आनंदानं जातेय, वेळ निभावली, असंच वाटलं होतं.

धाकटी तिथं नव्हतीच. मामानं तिला दोन महिने आधीच कुठंतरी पोचवली होती. आणि यंदा बसमधून उतरल्यावर बटणनं मला विचारलं ते हे: "बाई, तिच्या वेण्या कोण घालत होतं?"

कोर्टात हे सगळं मी सांगितलं. न्यायाधीश बाईंनी लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं, आणि मी सही केली. मामाचा जामीन नामंजूर झाला. वकील बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "तुमच्यावर खटला होऊ शकतो, माहीत आहे ना?" मी म्हटलं, माहीत आहे. मग त्या म्हणाल्या, "काही खाल्लंत का?" इतक्या दिवसांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मला तिथंच रडू आलं, तर त्या बिचाऱ्या घाबरल्या.

धाकटीसाठी पोलिसांनी वेगळं पथक नेमलंय. मामाच्या फोनवरून तीन ठिकाणं निघाली. दोन बघून झाली, एकवीस माणसं सुटली, त्यांत ती नाही. तिसरं दुसऱ्या जिल्ह्यात आहे, तिथल्या परवानगीचा कागद फिरतोय. कागदाचं फिरणं मला चांगलं माहीत आहे, म्हणून झोप लागत नाही.

बुधवारी बटणनं निरोप पाठवून मला बोलावलं. आश्रयगृहात मी आता पाहुणी. फाटकावर नाव लिहून, बाहेरच्या बाकावर बसून आत जायचं. भेटीच्या खोलीत ती आणि मोठ्या बाई, म्हणजे आमच्या अधीक्षिका. बोटांना मलमपट्टी होती.

मी माफी मागितली. वाक्य घोकून गेले होते, अर्ध्यात तुटलं.

ती म्हणाली, "पुढल्या मंगळवारी माझी साक्ष आहे. बंद खोलीत. माझ्याकडचं एक माणूस बसवता येतं म्हणाल्या वकील बाई."

"मोठ्या बाई बसतील ना तुझ्याजवळ."

"नको. तुम्ही बसा."

माझ्या तोंडावर काहीतरी उमटलं असणार, कारण तिनं लगेच मान हलवली. "माफ केलं म्हणून नाही. मी नाही माफ करत. शेडमध्ये काय काय झालं ते मी सगळं सांगणार आहे. ते तुम्ही ऐकायचं. मधे उठायचं नाही."

मी हो म्हटलं.

न्यायाधीश बाईंनी परवानगी दिली आहे. तू मला तिकडे बोलावतेस, चार दिवस आराम कर म्हणतेस. येईन, पण आत्ता नाही. भाचीला हे पत्र वाचू दे, आणि तिच्या मैत्रिणींना काय सांगायचं ते तिचं तिला ठरवू दे. भावोजींना मात्र तूच सांग, जपून.

मंगळवारी साडेदहाला खोली उघडते. मी दहालाच जाऊन बसणार आहे.

तुझी बहीण