सोडून गेलेल्याचा शिक्का

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. आईला सांग, मी मजेत आहे, वेळेवर जेवतो. पुढचं मात्र तिला वाचून दाखवू नकोस.

या हेलिकॉप्टरच्या तळावर येऊन मला जेमतेम अकरा महिने झाले आणि मीच इथला सगळ्यांत जुना मेकॅनिक! बाकीचे वैतागून गेले. कुठला पाना कुठे टांगायचा हे कळेपर्यंत नवा माणूसही बॅग भरतो. साहेबाला त्याचं सोयरसुतक नाही. त्याने भिंतीवर पाटी लावलीय, ‘आपण सारे एक कुटुंब’. असलं कुटुंब वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये!

तुमच्या वॉर्डात एक नर्स औषध काढते आणि दुसरी तपासते ना? तसंच इथे एकाने केलेलं काम दुसऱ्याने तपासून स्वतःचा शिक्का मारायचा असतो. काल मी वरच्या पंख्याचे बोल्ट आवळले. तपासणारा गेल्याच आठवड्यात नोकरी सोडून गेलाय. तर साहेबाने त्याचा शिक्का माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "तूच मार. सकाळी नऊ माणसं जायचीत."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मग आधी तुम्ही बसा त्यात." बसला नाही. हेलिकॉप्टरही उडालं नाही. आता माझी नोकरी राहते की जाते, बघू. आईचे गुडघे कसे आहेत?

तो शिक्का मी सरळ खिशात टाकला. या पाकिटात आहे, तुझ्या चिमीला खेळायला दे. तिने घरभर मारला तरी कुणी आकाशातून पडणार नाही.

तुझा भांडकुदळ भाऊ