ज्वालामुखीवर पायी

पिस्कॅटवे, रविवार, १६ मार्च २००८

ग्वाटेमालाहून दुपारी लेकीच्या, मृणालच्या अपार्टमेंटवर परतलो. संध्याकाळी पुण्याला ह्यांना फोन केला, तर पहिलाच प्रश्न, "घोडा केलास ना?"

इतकं लागलं ते! ग्वाटेमाला सिटीत लेक रस्ता चुकली, तेव्हा पाठीवर सॅक घेऊन, हातवारे करत ज्वालामुखीकडे जाणारी बस मीच शोधली. दुसऱ्या दिवशी पाच तास चढ. भुसभुशीत राख, दोन पावलं वर गेलं की एक खाली. घोडेवाला सारखा मागे. मी नाही म्हणजे नाहीच म्हटलं. बावन्नाव्या वर्षी वरच्या मुक्कामाच्या तंबूपर्यंत स्वतःच्या पायांनी पोचले. आणि हे विचारतात, घोडा! का विचारावंसं वाटलं असेल?

तेवढ्यात मृणालने फोन ओढून घेतला. "बाबा, घोडा मला लागला. आई पूर्ण चालत आली!"

मग ह्यांनी हळूच विचारलं, "आग दिसली का गं?"

मग मी फोन परत घेऊन सांगितलं. समोरचा दुसरा, जागा ज्वालामुखी कसा गडगडला, लालभडक दगड कसे उडाले, तंबूत झोपल्यावर पाठीखालची जमीन कशी थरथरली. वीस मिनिटं मीच बोलत होते. लग्नानंतर पहिल्यांदाच ह्यांनी मला मध्ये तोडलं नाही.